प्रकल्प नोंदी: काळी बुरशी आणि लिंबूसत्व

२ डिसेंबर

विषय बदलला. यीस्टला साखर घालून अल्कोहोल किती निघतं ते मोजायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही राहता कुठल्या राज्यात?" १९४९ चा दारूबंदी कायदा इथे, गुजरातेत, अजून जिवंत आहे. परवाने आणि रजिस्टर सांभाळण्यातच सेमिस्टर संपायचं. माझ्या जोडीदारणीने तरी एकदा चिवटपणा केला, "मॅडम, पण ते तर सगळ्यात बेसिक आहे ना!" बेसिक आहेच. म्हणून प्रस्तावनेपुरतं गणित इथे टिपून ठेवते: १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल निघतं आणि उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. यीस्टला हवा कमी पडली की ते साखर पूर्ण जाळू शकत नाही, अर्धवट जाळून टाकून देतं. ते टाकून दिलेलं म्हणजे अल्कोहोल.

नवा विषय: अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व. कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते ना, तीच बहुधा ही मंडळी. विभागाच्या फ्रिजमध्ये हिचा स्लँट आहे, म्हणजे तिरप्या थरावर बुरशी वाढवलेली परीक्षानळी.

५ डिसेंबर

लायब्ररीत दुपार गेली. शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसात चुना घालून सायट्रिक आम्ल वेगळं काढलं. पुढे शंभराहून जास्त वर्षं धंदा लिंबांवरच चालला आणि इटली त्यात मालक. १८९३ मध्ये वेमरला दिसलं की साखरेवर वाढणाऱ्या काही बुरश्याही हे आम्ल सोडतात. त्याचा कारखाना काही उभा राहिला नाही. १९१७ मध्ये जेम्स करीने नायजर घेऊन जमवलं आणि दोन वर्षांत, १९१९ ला, फायझरने ब्रुकलिनमध्ये उत्पादन सुरू केलं. आज जगात दरवर्षी वीस लाख टनांहून जास्त सायट्रिक आम्ल बनतं आणि त्यात लिंबाचा संबंध जवळपास नाही.

करीची खरी करामत माझ्या मते बुरशी निवडण्यात नाही. त्याआधीचे लोक बुरशीला नीट जेवायला घालत होते. करीने साखर भरपूर दिली, बाकी सगळं तुटपुंजं ठेवलं आणि द्रावण आंबट करून टाकलं. बुरशी वाढायची तेवढी वाढते, मग साखर समोर असूनही अंग वाढवता येत नाही. तेव्हा ती आम्ल सोडत बसते.

९ डिसेंबर

माध्यम, म्हणजे बुरशी ज्यात वाढवायची ते द्रावण, ठरलं. करीचंच घेतलं. एका लिटरला: साखर १५० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट २.५, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२५. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच ३.५ (आकडा जितका खाली, तितकं द्रावण आंबट). एवढंच. ना यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ना पेप्टोन, ही नेहमीची पौष्टिक खाद्यं. जोडीदारीण म्हणाली, "बिचारीला नुसता चहा-साखरेवर ठेवलंय."

पीएच इतका खाली का, याची दोन कारणं वहीत नीट लिहायला हवीत, तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. एक, आंबट पाण्यात बाकीचे जंतू तग धरत नाहीत. दुसरं जास्त महत्त्वाचं: पीएच वर गेला की हीच बुरशी ऑक्झॅलिक आम्ल करायला लागते, आणि ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल करणारं एन्झाइमही जागं होतं. म्हणजे तीच बुरशी, तीच साखर, आणि निघतं भलतंच.

काचसामान सगळं आम्लाने धुतलं. नळाचं पाणी वर्ज्य. बडोद्याच्या नळाच्या पाण्याने घरची गिझर कॉइल पांढरी होते, ते इथे कशाला घालायचं. दोनदा ऊर्ध्वपातित केलेलंच पाणी वापरायचं.

१४ डिसेंबर

बीजाणू पेरले. ट्वीन ८० चा (साबणासारखं काम करणारं द्रव्य) थेंब घातलेल्या पाण्यात स्लँट खरवडला, गाळला, मोजणी केली. मास्क लावून, लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटात. नायजरचे बीजाणू एकदा का खोलीत उडाले की विभागातल्या प्रत्येक पेट्री डिशवर काळे ठिपके येतात आणि मग सगळे आपल्याकडे बघतात.

पहिला संच स्थिर ठेवला आहे: पसरट फ्लास्क, थोडंच द्रावण, वर बुरशीची साय धरेल. ३० अंश.

येताना रावपुऱ्यात खमण घेतला. दुकानदार भाईंना विचारलं, पीठ किती तास आंबवता? ते हसले. ढोकळा आंबवतो, खमण नाही. खमणात बेसन, सोडा आणि लिंबूनां फूल. लिंबूनां फूल म्हणजे आमचं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल. सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खमण फुलतो. जंतूंना बेसनात हात घालायला मिळतच नाही. पण ते फूल कुठल्या तरी टाकीत बुरशीनेच केलेलं असतं, बहुधा चीनमध्ये. आंबवणं टळलेलं नाही, दुसऱ्या गावी उरकून आलं आहे.

२१ डिसेंबर

सायीचा थर पूर्ण धरला. सुरकुत्या पडलेला, पांढरट पिवळा, मधे मधे काळपट. मॅडम म्हणाल्या, काळं होऊ देणं चांगलं नाही, बीजाणू धरायला लागली म्हणजे तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. टायट्रेशन, म्हणजे आम्ल मारायला किती हायड्रॉक्साइड लागतं ते मोजणं, सुरू: १ मिली गाळलेलं द्रावण, फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होतं), एन बाय टेन तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड. हायड्रॉक्साइडचा प्रत्येक मिली म्हणजे ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल. अर्थात आम्ल सगळं सायट्रिकच आहे असं धरून. ते धरायचं की नाही, हा पुढचा प्रश्न.

२२ डिसेंबर

रविवार. दांडिया बाजारात आजोबांकडे. आजोबा आयुष्यभर एका औषध कंपनीच्या फर्मेंटेशन विभागात शिफ्टला होते. माझ्या वहीतला करी त्यांना दाखवला तर म्हणाले, "यात काय नवीन? भरल्या पोटाची बुरशी कधीच काही देत नाही." मग दीड तास बोलले. जमेल तेवढं उतरवते.

पेनिसिलिनच्या टाकीत ग्लुकोज एकदम ओतलं की बुरशी फोफावते आणि पेनिसिलिन शून्य. म्हणून सुरुवातीच्या काळात लॅक्टोज (दुधातली साखर) घालायचे, कारण ते तिला हळूहळू पचतं. नंतर ग्लुकोजच थेंबाथेंबाने सोडायची पद्धत आली. लॅक्टोज आणि मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर, दोन्ही अमेरिकेतल्या पिओरियाच्या प्रयोगशाळेत अँड्र्यू मॉयरने आणली. (याच मॉयरने १९५३ मध्ये दाखवलं की माध्यमात थोडं मिथेनॉल घातलं तर नायजर अशुद्ध साखरेवरही बरं आम्ल देते. मला करून बघायचं होतं. मिथेनॉलचं नाव काढताच स्टोअरवाल्या काकांचा चेहरा बदलला. विषारी दारूने गुजरातेत जे जे झालं आहे त्यानंतर त्यांचं बरोबरच आहे.)

फर्मेंटरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आंबवायच्या टाकीत, सगळ्यात महाग काय? मी म्हटलं साखर. आजोबा म्हणाले, हवा. आणि त्यानंतर थंडावा. ३० अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन विरघळतो लिटरला साडेसात मिलिग्रॅम, साखर असेल तर त्याहून कमी. बुरशी तो काही सेकंदांत संपवते. म्हणून कॉम्प्रेसर रात्रंदिवस, आणि ती सगळी हवा निर्जंतुक गाळून. टाकीतली बुरशी स्वतः उष्णता सोडते, ढवळण्याची मोटर आणखी तापवते, आणि पेनिसिलिनला हवे २५ अंश. बडोद्याच्या मे महिन्यात बाहेर बेचाळीस. "त्या दिवसांत आम्ही केमिस्ट नव्हतो, चिलरचे नोकर होतो."

पेनिसिलिन जी साठी फिनाइल अ‍ॅसेटिक आम्ल घालावं लागतं. त्याचा गोडसर उग्र वास कपड्यांतून जायचा नाही. आजी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, हे तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं.

आणि दूषित बॅच. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम असलेला एखादा जिवाणू आत शिरला तर टाकीभर माल एका शिफ्टमध्ये नाहीसा. नायजरचं तसं नाही, ती स्वतःच्या आम्लाने आपलं अंगण राखते. म्हणून सायट्रिकवाल्यांचा आजोबांना थोडा हेवा वाटतो असं मला वाटलं.

या शहराचं या धंद्याशी नातं जुनं आहे. सयाजीरावांच्या काळात १८९० ला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेंबिक ही औषध कंपनी काढली, सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोलने. १९६१ मध्ये तिथे पेनिसिलिन आलं. १९०७ लाच बुखनरला नोबेल मिळालं: यीस्ट वाटून, पेशी गाळून टाकल्या तरी नुसत्या रसाने साखरेचं अल्कोहोल होतं, हे त्याने १८९७ मध्ये दाखवलं होतं. जिवंत पेशी लागतेच, या पाश्चरच्या म्हणण्याला तिथे तडा गेला. आजोबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं.

२७ डिसेंबर

स्थिर संचाचा शेवट. ६ मिली हायड्रॉक्साइड लागलं, म्हणजे लिटरला सुमारे ३८ ग्रॅम. हिशेबाने १५० ग्रॅम साखरेतून १६८ ग्रॅमपर्यंत निघू शकतं (साखरेत पाण्याचा रेणू शिरतो आणि वर ऑक्सिजन चिकटतो, म्हणून साखरेपेक्षा आम्ल जड). कारखाने त्याच्या बरेच जवळ जातात. आम्ही नाही.

ऑक्झॅलेटची (ऑक्झॅलिक आम्लाचा क्षार) चाचणी: गाळलेलं द्रावण अमोनियाने उदासीन केलं, थोडं अ‍ॅसेटिक आम्ल, मग कॅल्शियम क्लोराइड. थंड असताना साका आला तर ऑक्झॅलेट. आला नाही. उकळल्यावर पांढरं झालं, तो कॅल्शियम सायट्रेट. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा उलटा.

१० जानेवारी

आता खरा प्रयोग, शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर. दोन गट. एकात करीचं माध्यम जसंच्या तसं, दुसऱ्यात मँगनीज सल्फेट, लिटरला १० मिलिग्रॅम. पुस्तकं सांगतात की बुडीत वाढीत, म्हणजे बुरशी द्रावणाच्या आत वाढते तेव्हा, लिटरला काही मायक्रोग्रॅम मँगनीजनेही आम्ल कमी निघतं. आमच्या बाटलीतल्या साखरेतच त्याहून जास्त असेल. म्हणजे आमचा 'बिनमँगनीज' गट नावापुरताच बिनमँगनीज. तरी फरक दिसावा, म्हणून दुसऱ्या गटात मुद्दाम भरपूर घातलं.

१३ जानेवारी

बिनमँगनीज फ्लास्कमध्ये गोळ्या झाल्या आहेत, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या घट्ट आणि एकसारख्या. मँगनीजवाल्यात कापूस पिंजून सोडल्यासारखं, फ्लास्क फिरवला तरी द्रावण जड हलतं. सूक्ष्मदर्शकाखाली गोळीतले तंतू आखूड, जाड, फुगीर टोकांचे. दुसरे लांब आणि सडसडीत. कारखान्याला गोळ्याच हव्या असतात, द्रावण पातळ राहतं आणि हवा आतपर्यंत पोचते.

आम्ल: १.९ मिली, म्हणजे लिटरला १२ ग्रॅम. चढतंय. शेकर चालू ठेवून निघालो, उद्या उत्तरायण.

१६ जानेवारी

वॉचमनच्या वहीत नोंद: १४ ला दुपारी लाइट गेली, पतंगाची दोरी तारांत. संध्याकाळी आली. शेकर आपोआप पुन्हा सुरू झाला, बाहेरून सगळं ठीक दिसतं. बुरशी मजेत आहे, वजन वाढलंय. आम्ल २.१ मिली.

१८ जानेवारी

२.२ मिली. साखर भरपूर शिल्लक, बुरशी जिवंत, आणि आम्ल ठप्प.

वाचल्यावर कळलं, हे अगदी पुस्तकातलं वागणं आहे. आम्ल करताना नायजर नेहमीच्या श्वसनाच्या मार्गाबरोबर एक आडवाटही वापरते, जिच्यात ऊर्जा जवळपास साठवली जात नाही, साखर फक्त खालपर्यंत उतरत राहते. थोडा वेळ जरी हवा तुटली तरी ही वाट बंद पडते. हवा परत आल्यावर वाढ पुन्हा चालू होते, पण आम्लाची गाडी परत रुळावर येत नाही. आजोबांना फोन केला. "म्हणून तर जनरेटर," एवढंच म्हणाले, आणि तिळगूळ घ्यायला का आली नाहीस ते विचारलं.

हा संच अहवालात वेगळं प्रकरण म्हणून जाणार. मॅडमना तो मूळ प्रयोगापेक्षा आवडला आहे. दोन्ही गट आज पुन्हा लावले.

२७ जानेवारी

शेकरचे निकाल. बिनमँगनीज: ४.८ मिली, लिटरला जवळपास ३१ ग्रॅम. १०० मिलीतल्या बुरशीचं कोरडं वजन १.१ ग्रॅम. मँगनीज घातलेलं: २.९ मिली, साडेअठरा ग्रॅम, बुरशी १.७ ग्रॅम. दणकट बुरशी, कमी आम्ल.

ही गोष्ट एकट्या नायजरची नाही, म्हणून प्रस्तावनेत कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवाणूचा परिच्छेद वाढवला. १९५७ मध्ये किनोशितांच्या गटाने जपानमध्ये याच्याकडून ग्लुटामेट (अजिनोमोटोतलं द्रव्य) काढलं. तिथे उपास बायोटिन या जीवनसत्त्वाचा. बायोटिन अपुरं पडलं की पेशीचं आवरण कच्चं राहतं आणि ग्लुटामेट बाहेर पाझरतं. भरपूर बायोटिन दिलं तर जिवाणू ठणठणीत आणि टाकी रिकामी.

तोंडी परीक्षेचा संभाव्य प्रश्न: मग सगळीकडे उपासच का नाही? नाही. यीस्टची वडी हवी असते तेव्हा यीस्टच माल असतो. तिथे हवा भरपूर आणि साखर बेताने, नाहीतर ते अल्कोहोलकडे वळतं. १९८२ मध्ये बाजारात आलेलं इन्सुलिन इ. कोलाय जिवाणूकडून करवून घेतलेलं, तिथे आधी पेशींची गर्दी वाढवतात आणि मग इन्सुलिन करायची कळ दाबतात. मला काय हवंय त्यावर कशाचा पुरवठा तोडायचा ते ठरतं.

६ फेब्रुवारी

मळी. गुरांच्या खाद्यात घालायला मिळते ती, डांबरासारखी. साखर १५ टक्क्यांवर येईल इतकी पातळ केली. कारखाने शुद्ध साखर कुठून परवडवणार, ते मळीवर किंवा स्टार्चवरच जातात. पण मळीत उसाच्या शेतापासून कढईपर्यंतचं सगळं लोखंड आणि मँगनीज असतं. उपाय जुना: गरम मळीत पोटॅशियम फेरोसायनाइड. लोखंड निळ्या साक्यात बसलं, गाळणकागद शाईत बुडवल्यासारखा झाला. मॅडमनी दोनदा बजावलं: मळी उदासीन असतानाच हे करायचं, फेरोसायनाइड गरम तीव्र आम्लात पडलं की विषारी वायू. गाळल्यावरही पीएच ६ च्या आसपासच ठेवला. मळीतली सेंद्रिय आम्लं आंबट द्रावणात बीजाणूंना उगवू देत नाहीत. बुरशी पुढे पीएच स्वतःच खाली आणते.

१६ फेब्रुवारी

कच्ची मळी: कोरा नमुना (बुरशी न पेरलेली मळी) वजा करून १.४ मिली, ९ ग्रॅम. फेरोसायनाइडवाली: ३.५ मिली, २२ ग्रॅम. कच्च्या मळीत थंडच साका आला, म्हणजे ऑक्झॅलेट. तिथे पीएच खाली यायला फार वेळ लागला होता. म्हणून ते ९ सुद्धा सगळे सायट्रिकचे नाहीत. तक्त्यात 'एकूण आम्ल' असा रकाना केला.

२० फेब्रुवारी

आम्ल वेगळं काढलं. स्थिर आणि शेकरच्या साखरेवरच्या फ्लास्कांतलं द्रावण एकत्र केलं, मळीचं घेतलं नाही. उकळतं ठेवून चुन्याची निवळी नव्हे, चांगलं घट्ट चुनकळीचं दूध, पीएच ७ पर्यंत. साका गरम असतानाच गाळायचा, गार होऊ दिला तर परत विरघळतो. मग पातळ सल्फ्युरिक आम्ल: सायट्रिक मोकळं होतं, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) खाली बसतं. ही शेलेची १७८४ चीच रीत, फक्त लिंबाच्या जागी बुरशी. जिप्समचा ढीग बघून कळलं की कारखान्यांची डोकेदुखी कुठे आहे.

कोळशाने रंग काढला, आटवलं, फ्रिजमध्ये ठेवलं.

२४ फेब्रुवारी

खडे आले. बारीक, किंचित पिवळे. द्रावणात जेवढं आम्ल मोजलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त वजन भरलं. उरलेलं साक्यात, गाळणकागदांत आणि खडे काढल्यावर राहिलेल्या पाण्यात. जोडीदारणीची खमणाची योजना मॅडमनी हाणून पाडली. विभागातलं काहीही तोंडात जाणार नाही.

२६ फेब्रुवारी

बुरशी आणि फ्लास्क १२१ अंशांवर मारून मगच धुवायला दिले. निळा साका वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून, कचऱ्यात नाही. नवे स्लँट चार अंशांना. पुढच्या तुकडीसाठी सूचना: शेकर यूपीएसवर घ्या, मँगनीजबरोबर तांबं घालून बघा, ते मँगनीज आत शिरू देत नाही असं वाचलंय, आम्हाला वेळ झाला नाही, आणि मिथेनॉल मागायला जाणार असाल तर मॅडमची सही आधी घ्या.